पाणबुडी आपली, पाणतीर आपला, पाना परक्याचा

३० डिसेंबर २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने पाणबुड्यांसंबंधी दोन करारांवर सह्या केल्या. दोन्ही मिळून सुमारे २,८६७ कोटी रुपयांचे. नववर्षाच्या गडबडीत बातमी आली तशी गेली. पहिला करार माझगाव डॉकशी, सुमारे १,९९० कोटींचा. पाणबुडीला वारंवार वर न येता पाण्याखाली अधिक काळ राहू देणारी एआयपी यंत्रणा डीआरडीओच्या अंबरनाथच्या प्रयोगशाळेने तयार केली आहे. तिच्यासाठी पाणबुडीचा नवा भाग बांधायचा आणि तो जोडायचा, हे या कराराचे काम. दुसरा करार फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपशी, सुमारे ८७७ कोटींचा. तो कशासाठी? तर डीआरडीओनेच बनवलेला टॉर्पेडो, म्हणजे पाणतीर, कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांवर बसवून देण्यासाठी.

हा दुसरा करार सावकाश वाचण्याजोगा आहे. पाणबुडी मुंबईच्या गोदीत बांधलेली. पाणतीर भारतीय शास्त्रज्ञांचा. पैसा करदात्याचा. आणि या दोघांची ओळख करून देण्याची बिदागी मात्र पॅरिसला!

यात फ्रेंचांचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. ते त्यांचा धंदा करतात आणि चोख करतात. पाणतीर नळीत बसतो की नाही, हा मुळी प्रश्नच नसतो. जड पाणतीरांचा ५३३ मिलिमीटरचा व्यास जगभर रुळलेला आहे. प्रश्न असतो पाणबुडीच्या डोक्याचा. सोनारला ऐकू आलेल्या आवाजावरून लक्ष्य कुठे आहे, कोणत्या दिशेने चालले आहे याचा हिशेब मांडायचा आणि तो पाणतीराच्या मेंदूत भरायचा, हे काम एक संगणकप्रणाली करते. या पाणबुड्यांवरची ती प्रणाली, सबटिक्स, नेव्हल ग्रुपची आहे. पाणतीर आणि ही प्रणाली एकमेकांशी कोणत्या शब्दांत बोलतील, हे ज्याने लिहिले त्याच्याकडेच किल्ली राहते. बाकी पोलाद कापणारे, जोडणारे, रंगवणारे हात कितीही आपले असले तरी नवे हत्यार चढवायचे झाले, की त्याच्या दारात उभे राहावे लागते.

ही वेळ आली कशी, तेही पाहण्यासारखे आहे. कलवरी वर्गाच्या, म्हणजे सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार २००५ सालचा. त्यांच्यासाठी इटलीचे ब्लॅक शार्क पाणतीर घ्यायचे ठरले, पण पाणबुडीची फाइल वेगळी आणि पाणतीराची वेगळी. पुढे ऑगस्टा वेस्टलँड हेलिकॉप्टरांचे प्रकरण उघडकीला आले. पाणतीर बनवणारी कंपनी त्याच इटालियन उद्योगसमूहाची, म्हणून तो व्यवहार बारगळला. १४ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत 'कलवरी' नौदलात दाखल झाली ती नव्या पाणतीरांवाचून. जुन्या साठ्यातल्या पाणतीरांवर भागवावे लागले. भ्रष्टाचाराच्या आरोपावरून व्यवहार थांबवणे योग्यच. पण तो थांबल्यावर दुसरे हत्यार आपले आपण चढवता येईल, एवढी मोकळीक मूळ करारात लिहून घेतली असती तर सात वर्षांनी ८७७ कोटींचे हे दुसरे बिल आले नसते.

याउलट चित्र त्या दोन करारांनंतर दोन आठवड्यांनी, मुंबईतच दिसले. १५ जानेवारी २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते मुंबईत एकाच दिवशी 'सुरत', 'नीलगिरी' आणि 'वाघशीर' ही तीन जहाजे नौदलात दाखल झाली. तिन्ही माझगाव डॉकची. छायाचित्रांत तिन्ही सारखीच मिरवत होती. पण 'सुरत' आणि 'नीलगिरी' या नौदलाच्या स्वतःच्या वॉरशिप डिझाइन ब्यूरोने आखलेल्या युद्धनौका आणि 'वाघशीर' ही परक्या आराखड्यावरची सहावी स्कॉर्पीन. 'सुरत'च्या पोटात युक्रेनची गॅस टर्बाइन्स आहेत. तिच्या डेकवर ब्राह्मोस क्षेपणास्त्र आहे, जे रशियाबरोबरच्या भागीदारीतून आले. वरचे रडार इस्रायलचे. रणांगणावर एकमेकांचे जीव घेणाऱ्या युक्रेन आणि रशिया या दोन देशांची यंत्रे एका भारतीय जहाजात गुण्यागोविंदाने नांदतात आणि एप्रिल २०२५ मध्ये हीच 'सुरत' समुद्राला लगटून येणारे लक्ष्य हवेतच टिपून दाखवते. सुटे भाग परके असणे ही लाजेची गोष्ट नव्हे. ते कोणी, कुणाच्या अटींवर, कुणाच्या आराखड्यात जोडले, इथे खरी मेख आहे.

नौदलाला हे एका रात्रीत जमलेले नाही. साठच्या दशकात त्याने गणवेशातले रचनाकार तयार करायला घेतले. माझगावला ब्रिटिश लिअँडर वर्गाच्या युद्धनौकेच्या आराखड्यावर पहिली 'नीलगिरी' बांधली गेली आणि ती १९७२ साली दाखल झाली. पुढच्या खेपेला याच अभियंत्यांनी तेच आराखडे परत गिरवायला नकार दिला. १९८३ सालच्या 'गोदावरी'त इंजिने लिअँडरचीच ठेवली, पण सांगाडा मोठा केला. एका हेलिकॉप्टरच्या जागी दोन सी किंग मावतील अशी सोय केली. सोव्हिएत क्षेपणास्त्रे बसवली आणि त्यांच्या शेजारी पाश्चात्त्य रडारे व इटालियन संगणकप्रणाली. शीतयुद्ध ऐन भरात असतानाची ही गोष्ट. सोव्हिएत यंत्रांना लागणारी वीज एका दाबाची, पाश्चात्त्य यंत्रांना लागणारी दुसऱ्या, फ्रिक्वेन्सीही निराळी. एकाचे तंत्रज्ञ दुसऱ्याच्या यंत्राजवळ फिरकू द्यायचे नाहीत. दोन्हीकडची कागदपत्रे दोन भाषांत, दोन पद्धतींची. हे सगळे एका सांगाड्यात बसवून, एकमेकांच्या लहरींत ढवळाढवळ न करता चालवून दाखवण्याचे काम ना मॉस्कोने केले ना रोमने. ते नौदलाच्या लोकांनी केले, कारण ते करून देणारे दुसरे कोणी बाजारात नव्हतेच. नाइलाजाने अंगावर घेतलेले ते काम पुढे नौदलाची सर्वांत मोठी मिळकत ठरले. आज लढाऊ यंत्रणा जोडण्यासाठी नौदलाची स्वतंत्र संस्था आहे, वीसी नावाची. तिचे नाव सहसा कुणाच्या कानावर येत नाही, इतकी ती मुकाट्याने काम करते.

ज्यांच्याकडे पैसा, कारखाने आणि अभियंते यांची रेलचेल, त्या अमेरिकेने नेमके उलटे करून पाहिले आणि त्याची किंमत मोजली. तिथल्या तटरक्षक दलाची जहाजे, विमाने, संपर्कयंत्रणा सगळीच जुनी झाली होती. सुटी सुटी खरेदी करण्याऐवजी सगळे एकदम बदलायचे, म्हणून 'डीपवॉटर' नावाचा कार्यक्रम आखला गेला. दलाकडे एवढा पसारा सांभाळणारी माणसे नव्हती. मग काय करावे? जून २००२ मध्ये लॉकहीड मार्टिन आणि नॉर्थ्रप ग्रमन यांनी मिळून काढलेल्या कंपनीला काम दिले. नुसते बांधायचे नव्हे. काय घ्यायचे, कुणाकडून घ्यायचे, कसे जोडायचे, हेही तिनेच ठरवायचे. सुरुवातीचा अंदाज वीस वर्षांत सुमारे १७ अब्ज डॉलर. पुढे तो २४ अब्जांवर गेला.

पहिला प्रसाद लवकरच मिळाला. ११० फुटी जुन्या गस्ती नौका मागच्या बाजूने १३ फूट वाढवून १२३ फुटी करायच्या, मागे छोटी बोट उतरवण्यासाठी उतार काढायचा, असा बेत. पहिली नौका 'मॅटागोर्डा' २००४ मध्ये ताब्यात आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आयव्हन चक्रीवादळापासून दूर पळताना तिच्या सांगाड्याला पोचे पडले. एकामागून एक नौकांवर तेच दिसले. ४९ नौका बदलायच्या होत्या. आठांवर काम थांबले. नोव्हेंबर २००६ मध्ये त्या आठही सेवेतून काढल्या. सुमारे दहा कोटी डॉलर पाण्यात गेले. दरम्यान लॉकहीडचाच एक अभियंता आपल्या वरिष्ठांना सांगून थकला आणि ऑगस्ट २००६ मध्ये यूट्यूबवर येऊन बोलला: कॅमेऱ्यांना नौकेभोवतीचे सगळे दिसत नाही, उघड्यावर बसवलेली यंत्रे तिथल्या हवामानाला टिकणारी नाहीत, केबल्स ठरल्या प्रतीच्या नाहीत. अंतर्गत सुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांनी तपासले तेव्हा यातले काही खरे निघाले. यंत्रे हवामानाच्या कसोटीला उतरतात हे प्रमाणपत्र दिले कोणी होते? कंत्राटदारानेच. आपल्याकडे रस्त्याच्या कामाची मोजमाप वही (एमबी) कंत्राटदाराने लिहावी आणि कनिष्ठ अभियंत्याने खाली सही करावी, तसला हा प्रकार. फरक एवढाच, की आपल्याकडे तो चोरून करावा लागतो आणि तिथे तो करारातच लिहिलेला होता.

याहून बोलके प्रकरण दलाच्या मोठ्या जहाजाचे, नॅशनल सिक्युरिटी कटरचे. बांधणी सुरू होण्याआधी, २००४ मध्येच, दलाच्या मुख्य अभियंत्याने लेखी कळवले होते, की या आराखड्यातला सांगाडा अपेक्षित आयुष्यभर ताण सोसणार नाही. तरी काम पुढे रेटले गेले, कारण दलाच्या तज्ज्ञांचे मत त्या रचनेत फक्त सल्ला होते. जहाज वापरणारा, त्यात बसून वादळात जाणारा माणूस सल्लागार, विकणारा निर्णयकर्ता. मग आधीच सांगितलेली मजबुती नंतर करावी लागली.

शेवटी १७ एप्रिल २००७ रोजी दलाचे प्रमुख अॅडमिरल थॅड अॅलन यांनी जाहीर केले, की यापुढे जोडणीची मुख्य जबाबदारी दल स्वतः घेईल. घोषणा एका दिवसात झाली, पण जबाबदारी घ्यायला माणसे हवीत. करार तपासणारे, खर्चाचा अंदाज बांधणारे, प्रणालींचे अभियंते यांच्या जागा भरता भरता पुढची काही वर्षे गेली. इकडे अमेरिकी लष्कराचेही हात पोळले होते. 'फ्यूचर कॉम्बॅट सिस्टिम्स' या प्रचंड कार्यक्रमाची सूत्रे त्याने बोइंग आणि एसएआयसी या कंपन्यांना दिली होती: चिलखती गाड्या, मानवरहित विमाने, यंत्रमानव, सेन्सर, आणि या सगळ्यांना बांधणारे एक जाळे. गाडी सी-१३० विमानात मावली पाहिजे म्हणून वजनाची मर्यादा घातली गेली, पुढे तिनेच सगळ्यांना जेरीस आणले. खर्चाचा अंदाज ९२ अब्ज डॉलरांवरून १६० अब्जांच्या वर गेला. २००९ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी ते सगळे गुंडाळले, तोवर अठरा अब्जांच्या आसपास खर्च होऊन गेले होते. काँग्रेसने त्याआधीच कायदा करून ठेवला होता: १ ऑक्टोबर २०१० नंतर संरक्षण खात्याने असे मुखत्यारपत्र कोणत्याही कंपनीला नव्याने द्यायचे नाही. गंमत अशी, की याच अमेरिकेने पन्नासच्या दशकात पोलारिस क्षेपणास्त्र आणि ते सोडणारी पाणबुडी नौदलाच्या एका छोट्या कचेरीमार्फत, अॅडमिरल रॅबॉर्न यांच्या हाताखाली उभी केली होती. भाग शेकडो कंपन्यांचे, पण सूत्रे कचेरीच्या हाती. १९५५ मध्ये काम सुरू झाले आणि २० जुलै १९६० रोजी पाण्याखालून पहिले क्षेपणास्त्र सुटले.

आता कोणी म्हणेल, सरकारच्या हाती सूत्रे म्हणजे तेजस या लढाऊ विमानाची कथा. आक्षेप वाजवी आहे. तेजस आखणारी एडीए ही संस्था १९८४ साली स्थापन झाली, विमान पहिल्यांदा उडाले ४ जानेवारी २००१ रोजी आणि अजूनही हवाई दलाच्या तळांवर ते हवे तेवढे दिसत नाही. पण तिथे सूत्रे सरकारकडे होती म्हणजे नेमकी कोणाकडे? आराखडा एका संस्थेकडे, कारखाना दुसऱ्या कंपनीकडे, इंजिन तिसऱ्या प्रयोगशाळेकडे. ज्याला ते उडवायचे ते हवाई दल बरीच वर्षे गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. नौदलात आराखडा काढणारा अधिकारी आणि त्या जहाजावर समुद्रात जाणारा अधिकारी एकाच मेसमध्ये जेवतात. चुकले तर कुणाला गाठायचे, हे दोघांनाही ठाऊक असते. सरकार हा शब्द फार ऐसपैस आहे. त्यात समितीही बसते आणि जबाबदार माणूसही. आम्हाला दुसरा हवा आहे.

आणि हवाई दलालाही हे जमते, याचा पुरावा नाशिकजवळच्या ओझरला आहे. अडीच टनांचे ब्राह्मोस सुखोईच्या पोटाखाली लावायचे तर विमानाच्या सांगाड्याला बळकटी हवी, वायरिंग बदलायला हवे, आणि विमानाच्या संगणकाला या नव्या पाहुण्याची ओळख पटवून द्यायला हवी. सांगाड्याचे आणि विजेचे काम एचएएलने केले. संगणकाचे प्रोग्रॅम हवाई दलाच्या अभियंत्यांनी लिहिले. २५ जून २०१६ रोजी क्षेपणास्त्रासह विमान ओझरहून उडाले आणि २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरात त्याने लक्ष्याचा वेध घेतला. विमान मूळ रशियन आराखड्याचे. तरी आपल्या माणसांना त्याच्या आत हात घालता आला. म्हणजे परवान्यावर बांधलेल्या यंत्रातही हे शक्य असते. मात्र तसे करणारे प्रोग्रॅमर गणवेशात आणि पगारावर असावे लागतात.

सूत्रे सरकारकडे हवीत, याचा अर्थ खासगी कारखान्यांना हाकलावे असा काढणारे लोक आहेत. त्यांनी 'अरिहंत' या अणुपाणबुडीकडे पाहावे. तिचा सांगाडा लार्सन अँड टुब्रोने हजिऱ्याला बांधला, अणुभट्टी भाभा अणुसंशोधन केंद्राची, आणि सगळे एकत्र आणले ते नौदलाच्या अधिकाऱ्यांच्या हातात असलेल्या प्रकल्प-कचेरीने. खासगी कंपनीला यात काम मिळाले, नफा मिळाला, अनुभव मिळाला. आपणच तपासलेल्या मालावर आपणच शिक्का मारण्याचा हक्क तेवढा मिळाला नाही.

पुढचे व्यवहार मोठे आहेत. प्रोजेक्ट ७५(आय)च्या सहा पाणबुड्यांसाठी माझगाव डॉकने जर्मनीच्या टीकेएमएस कंपनीशी हातमिळवणी केली आहे. एएमसीए या नव्या लढाऊ विमानाच्या अंमलबजावणीचा साचा मे २०२५ मध्ये मंजूर झाला. त्यात सरकारी कंपन्यांबरोबर खासगी कंपन्यांनाही स्पर्धेला मोकळीक आहे आणि सूत्रे एडीएकडे. पण आमची खरी चिंता लष्कराची आहे. टी-७२ रणगाड्यांच्या जागी सुमारे १,७७० नवी चिलखती लढाऊ वाहने घ्यायची आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांच्या गरजेला मंजुरी मिळाली. आजचा रणगाडा म्हणजे तोफ आणि साखळी नव्हे. ड्रोन, ड्रोनविरोधी यंत्रणा, स्वतःवर येणारे क्षेपणास्त्र वाटेत फोडणारी यंत्रणा, शेजारच्या वाहनाशी बोलणारा रेडिओ, हे सगळे त्यात एकमेकांना ओळखणारे हवे, आणि दर पाच वर्षांनी यातले काही ना काही बदलायला हवे. या जोडणीचा आराखडा कोण लिहिणार? लष्कराने २०१६ मध्ये आर्मी डिझाइन ब्यूरो उघडला, नाव नौदलाशी मिळतेजुळते. पण तो उद्योग आणि सैन्य यांच्यातला मध्यस्थ आहे, आराखडे काढणारी कचेरी नव्हे. नौदलाकडे आयुष्यभर जहाजेच आखणाऱ्या अधिकाऱ्यांची परंपरा आहे. लष्करात मात्र अशा जागेवर बसलेला हुशार मेजर काम कळू लागते न लागते तोच बढतीसाठी पलटणीवर परत जातो, आणि त्याचे काही चुकत नाही. बढती तिथेच मिळते.

म्हणून निविदेचा मसुदा कंपन्यांपुढे ठेवण्याआधी वीस-पंचवीस कॅप्टन-मेजर निवडावेत. दोन वर्षे त्यांना नौदलाच्या वॉरशिप डिझाइन ब्यूरोत आणि वीसीत उमेदवारीला धाडावे आणि मग दहा वर्षे त्या एकाच वाहनाला जुंपावे. बढती तिथल्या तिथे द्यावी. यासाठी लागणारी ऑर्डर काढायला संरक्षण मंत्रालयाला कुठल्याच परदेशी कंपनीची परवानगी घ्यावी लागत नाही.